झाडाच्या खोडावरून उतरणारं पावसाचं पाणी नीट कसं मोजायचं: जंगलाच्या प्रकारानुसार, तयारीपासून हिशोबापर्यंत

जंगलावर पाऊस पडला की त्यातलं काही पाणी पानाफांद्यांवर अडकतं आणि तिथूनच वाफ होऊन जातं, बरंचसं पानांमधून थेट किंवा टपकत खाली येतं (याला थ्रूफॉल म्हणतात) आणि जे उरतं ते फांद्यांवरून खोडाकडे वळून सालीवरून ओघळत बुंध्याशी उतरतं, हा झाला स्टेमफ्लो. एकूण पावसात याचा वाटा बऱ्याच जंगलांत पाच टक्क्यांच्या आतच असतो म्हणून लोक ते घाईघाईत उरकतात, एखाद्या झाडाला पाइप गुंडाळला, खाली बादली ठेवली, झालं. पण हेच पाणी बुंध्याभोवतीच्या एवढ्याशा जमिनीत ओतलं जातं, त्यामुळे तिथल्या मातीला मोकळ्या जागेच्या कितीतरी पट पाणी मिळतं. झाड कसं तगतं, पाणी किती खोल मुरतं, हे समजायचं असेल तर हा आकडा बरोबरच यायला हवा. आणि तो चुकतो तो बहुतेक वेळा बादलीपाशी नाही, त्याच्या कितीतरी आधी.

१. आधी ठरवा, आकडा नक्की कसला हवाय

इथे तीन वेगळे आकडे आहेत आणि तिघांची सरमिसळ होते. एक, एका झाडावरून किती लिटर आलं. दोन, अख्ख्या जंगलाच्या हिशोबात ते किती मिलिमीटर होतं, म्हणजे पावसाच्या किती टक्के. तीन, झाडाच्या खोडाने स्वतःच्या जाडीच्या मानाने किती पाणी गोळा केलं, याला फनेलिंग रेशो म्हणतात. पहिल्यासाठी दोन-चार झाडं पुरतात, दुसऱ्यासाठी प्लॉटमधल्या (मोजणीसाठी आखलेल्या जागेतल्या) प्रत्येक झाडाचा घेर मोजावा लागतो, तिसऱ्यासाठी पाऊस आणि घेर दोन्ही अचूक लागतात. हे न ठरवता कॉलर (खोडावरचं पाणी अडवून बादलीत नेणारा, खोडाभोवती गुंडाळलेला पाइप) लावायला गेलात तर सीझन संपल्यावर कळतं की हवी ती माहिती घेतलीच नाही, आणि गेलेला पाऊस परत मोजता येत नाही.

२. जंगल वाचा, मगच सामान काढा

एकच पद्धत सगळीकडे चालत नाही, म्हणून पहिला फेरफटका रिकाम्या हाताने मारा आणि साल, फांद्यांचा कोन, शेवाळ, वेली, झाडांचे थर हे बघून घ्या. शक्य असलं तर पाऊस थांबल्या थांबल्या जा, ओल्या सालीवर पाण्याच्या वाटा काळपट पट्ट्यांसारख्या स्पष्ट दिसतात, कुठल्या फांदीखालून पाणी सुरू होतं आणि कुठल्या गाठीशी ते खोड सोडून थेंबाथेंबाने खाली पडतं हेही तिथेच कळतं.

*पानझडी जंगल.* इथे साल हाच मोठा मुद्दा. बीचसारखी गुळगुळीत सालीची झाडं दोन-तीन मिलिमीटर पावसातच वाहू लागू शकतात, तर ओकसारख्या जाड, भेगाळ सालीला दहा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस लागू शकतो कारण आधी सालच पाणी पिते. म्हणजे एकाच जंगलात शेजारी उभी असलेली दोन झाडं वेगळं वागतात. शिवाय पानं असताना आणि नसताना फरक पडतो, पानं झडलेली असली की पाऊस थेट फांद्यांवर पडतो आणि तेवढ्याच पावसात खोडावरून बरेचदा जास्त पाणी येतं. दोन्ही काळातल्या नोंदी एकाच सरासरीत टाकू नका.

*सूचिपर्णी जंगल.* स्प्रूससारख्या झाडांच्या फांद्या खाली झुकलेल्या असतात, त्यामुळे पाणी खोडाकडे न येता बाहेरच्या कडेला गळतं. पाइनची साल खवल्यांची, तीही पाणी धरून ठेवते. अशा जंगलात स्टेमफ्लो एक-दोन टक्के किंवा त्याहूनही कमी निघणं अगदी नॉर्मल आहे. बादली कोरडी मिळाली म्हणून कॉलर बिघडली असं समजू नका आणि ती शून्याची नोंद खोडूनही टाकू नका, शून्य हीसुद्धा माहितीच आहे. राळ असलेल्या सालीला सिलिकॉन (कॉलरच्या फटी बुजवायचा चिकट लेप) नीट चिकटत नाही, त्याची सोय आधीच करा.

*उष्ण कटिबंधातलं सदाहरित जंगल.* इथे सगळ्यात मोठी चूक होते ती म्हणजे नजर फक्त उंच झाडांवर जाते. खालच्या थरातली बारकी झाडं, पामसारखी पानं वर उघडून पाणी मधोमध ओढणारी झाडं, यांचा वाटा मोठा असू शकतो. बोर्निओतल्या लांबिरच्या जंगलात झालेल्या मोजणीत दहा सेंटिमीटरपेक्षा बारीक खोडांनीच स्टेमफ्लोचा मोठा हिस्सा दिला होता. आणि ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलंडच्या पर्जन्यवनात संशोधक हर्विट्झ यांनी १९८६ साली दाखवून दिलं की जोरदार पावसात बुंध्याशी इतकं पाणी उतरतं की माती ते मुरवून घेऊ शकत नाही आणि ते जमिनीवरून वाहू लागतं. आधारमुळं (बुंध्याला टेकू देणारी फळीसारखी मुळं) पसरलेली असतील तर कॉलर त्यांच्या वर लावावी लागते. खोडाला वेल चिकटलेली असेल तर वेलीवरून येणारं पाणी मोजायचं की नाही हे आधी ठरवा आणि सगळ्या झाडांना तोच नियम लावा.

*ढगाळ डोंगरमाथ्यावरचं जंगल.* शेवाळ आणि ऑर्किडने लगडलेली खोडं. शेवाळ कोरडं असलं की बराच पाऊस नुसता शोषून घेतं, आणि एकदा भिजलं की पाऊस थांबल्यावरही कितीतरी वेळ पाणी सोडत राहतं. इथे धुकंही फांद्यांवर अडकून पाणी होतं, त्यामुळे रेनगेज (पर्जन्यमापक) कोरडा आणि बादलीत पाणी असं होऊ शकतं. अशा नोंदीला टक्केवारी काढायला गेलात तर शून्याने भागायची वेळ येते, म्हणून धुक्याचे दिवस वेगळ्या रकान्यात ठेवा.

*कोरडं झुडपी रान.* इथे लिटर कमी पण फनेलिंग जबरदस्त असू शकतं, कारण एकाच बुडातून वर तिरप्या जाणाऱ्या अनेक फांद्या सगळं पाणी मुळाशी आणतात. ऑस्ट्रेलियातली मुल्गा ही बाभळीच्या जातकुळीतली झाडं यासाठी प्रसिद्धच आहेत. छातीच्या उंचीवर (जमिनीपासून १.३ मीटरवर) खोड मोजायचा नियम इथे कामाचा नाही, प्रत्येक फांदी बुडाजवळ वेगळी मोजावी लागते.

*लागवडीचं जंगल.* एकाच वयाची, एकाच जातीची झाडं, त्यामुळे काम सोपं. फक्त निलगिरीसारखी साल सोलून लोंबत असेल तर पाणी त्या पट्टीवरून टपकून जातं, आणि साल गळून पडल्यावर त्याच झाडाचा आकडा बदलतो. साल कधी सुटली त्याची तारीख लिहून ठेवा.

> तपासा: साल, फांद्यांचा कोन, थर, वेली-शेवाळ आणि पानं असण्या-नसण्याचा काळ, हे पाच मुद्दे वहीत उतरले का? नसतील तर पुढे जाऊ नका.

३. झाडं निवडणं

प्लॉट आखा, समजा २० बाय २० मीटर. त्यातल्या प्रत्येक खोडाचा जमिनीपासून १.३ मीटरवरचा घेर मोजा, अगदी बारक्या झाडांचाही. मग जातीनुसार (निदान सालीच्या प्रकारानुसार) आणि जाडीनुसार गट पाडा आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून झाडं काढा. एका गटात तीन झाडं ही अगदी किमान, पाच मिळाली तर उत्तम, कारण शेजारशेजारच्या सारख्या दिसणाऱ्या दोन झाडांतही दुप्पट फरक निघू शकतो.

चूक इथेच होते: सरळ, गोल, वाटेजवळचं, कॉलर लावायला सोपं झाड उचललं जातं. ते झाड बाकीच्या जंगलासारखं नसतं. वाकडं झाड चिठ्ठीत आलं तर वाकड्यालाच लावा, तिरप्या खोडाचं पाणी खालच्या अंगाने टपकून जातं आणि ती त्या जंगलाची खरी गोष्ट आहे.

४. कॅन किंवा ड्रम केवढा, ते आधी काढा

हा हिशोब न करता वीस लिटरचा कॅन लावणारे खूप आहेत. सूत्र साधं आहे: लिटर = खोडाचं छेदक्षेत्र (म्हणजे आडव्या कापाचं क्षेत्रफळ, चौरस मीटर) × पाऊस (मिलिमीटर) × फनेलिंग रेशो. तीस सेंटिमीटर व्यासाच्या झाडाचं छेदक्षेत्र सुमारे ०.०७०७ चौरस मीटर. रेशो २० धरला आणि ६० मिलिमीटर पाऊस आला तर ०.०७०७ × ६० × २० म्हणजे जवळजवळ ८५ लिटर. वीस लिटरचा कॅन १४ मिलिमीटर पावसातच भरून वाहणार, आणि मग मोठ्या पावसाच्या सगळ्या नोंदी 'वीस लिटर' अशा सारख्याच दिसणार. रेशो माहीत नसतो तेव्हा सुरुवातीला मोठाच धरा. भेगाळ सालीच्या झाडाला छोटा कॅन चालेल, गुळगुळीत सालीला ड्रमच हवा, किंवा एक भरला की दुसऱ्यात जाईल अशी जोडणी.

बाकी सामान: उभा चिरलेला लवचिक प्लास्टिक पाइप (आतला व्यास दोन ते चार सेंटिमीटर), तटस्थ सिलिकॉन, ब्रश, बांधायच्या पट्ट्या, जाळी, घट्ट झाकण, मोजपात्र, टेप. पाण्यातली रसायनंही तपासायची असतील तर धातूची पट्टी आणि फोम टाळा आणि सगळं सामान आधी स्वच्छ पाण्याने धुऊन घ्या.

५. कॉलर बसवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. क्रम असा ठेवा.

पहिलं, दोन-तीन कोरडे दिवस गेल्यावरच काम काढा. ओल्या सालीवर सिलिकॉन वरवर चिकटतं, पहिल्या मोठ्या पावसात सुटतं, आणि बाहेरून बघून काहीच कळत नाही.

दुसरं, जिथे पाइप बसणार तेवढाच पट्टा ब्रशने साफ करा. भेगाळ सालीत मेलेले उंचवटे हलक्या हाताने सपाट करता येतात, जिवंत सालीला मात्र धक्का लावू नका. कॉलरच्या वरचं शेवाळ, दगडफूल, सुटलेली साल काहीही काढायचं नाही. नीटनेटकं दिसावं म्हणून लोक वरचा भागही घासून टाकतात आणि मग पाणी मूळ वाटेने येतच नाही, तुम्ही मोजता ते घासलेल्या झाडाचं पाणी.

तिसरं, चिरलेला पाइप खोडाभोवती तिरपा, निदान दीड वेढा होईल असा गुंडाळा. वेढा पूर्ण व्हायलाच हवा, कारण वाऱ्याने पाऊस तिरका आला की पाणी खोडाच्या एकाच बाजूने उतरतं आणि अर्ध्या वेढ्यात ती बाजू सुटू शकते. उतार सगळीकडे सारखा ठेवा, मध्ये झोळ पडला तर तिथे पानं साचतात.

चौथं, पाइप पट्ट्यांनी बांधा. खिळे शक्यतो नकोतच. मग खोड आणि पाइपच्या आतल्या कडेमधली प्रत्येक भेग सिलिकॉनने भरा, बोट आत घालून दाबा. भेग खोल असेल तर वरून नुसता थर देऊन उपयोग नाही, पाणी मागच्या मागे उतरून जातं. एक पूर्ण दिवस सुकू द्या.

पाचवं, पाइपचं वरचं तोंड किती रुंद राहिलंय ते मोजा. हे कोणी बघत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. तीस सेंटिमीटरच्या खोडाभोवती कॉलर तीन सेंटिमीटर बाहेर आली तर तिचं उघडं क्षेत्र सुमारे ३११ चौरस सेंटिमीटर होतं. पानांमधून ४० मिलिमीटर पाणी गळून आलं तर त्यातलं सव्वा लिटर थेट कॉलरमध्ये पडणार, आणि ते स्टेमफ्लो नाहीच. गुळगुळीत सालीच्या, साठ लिटर देणाऱ्या झाडाला याने फरक पडत नाही, पण ज्या पाइनवरून एकूण दोन लिटरच येतात तिथे अर्ध्याहून जास्त आकडा खोटा झाला. म्हणून कमी वाहणाऱ्या झाडांना तोंड एक-दीड सेंटिमीटरच ठेवा.

६. गळतीची परीक्षा

कॉलर सुकली की लगेच पावसाची वाट बघत बसू नका. कॉलरच्या जरा वर खोड चहूबाजूंनी आधी चांगलं भिजवा, कारण कोरडी साल पाणी पिते आणि तुम्हाला गळती असल्याचा भास होतो. खालून थेंब यायचे थांबले की मोजून दोन लिटर पाणी हळूहळू गोल फिरवत ओता आणि कॅनमध्ये किती आलं ते बघा. थोडंसं ओलं राहून कमी येणारच, पण १.८ लिटरच्या खाली आलं तर कॉलरखालच्या सालीवरून हात फिरवा, जिथे नवी ओल लागेल तिथे भेग राहिलीय. भरा, सुकवा, पुन्हा परीक्षा.

> ही परीक्षा सीझनमध्ये एकदाच करून भागत नाही. दर महिन्याला आणि प्रत्येक वादळानंतर करा.

७. मोकळ्या जागेचा पाऊस

स्टेमफ्लो कितीही नीट मोजला तरी त्याला भागायचा पाऊसच चुकीचा असेल तर सगळं वाया. रेनगेज झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर असावा, एवढी मोकळी जागा नसेल तर निदान उंचीइतकं अंतर तरी हवंच. दहा-पंधरा किलोमीटरवरच्या स्टेशनचा पाऊस एकेका सरीसाठी वापरू नका. थ्रूफॉलही मोजणार असाल तर झाडांच्या पानाफांद्यांखाली बरीच भांडी लागतात, एकदोन ठेवून काही हाती लागत नाही.

८. नोंदी: कधी आणि काय

पाऊस थांबला की पळत जाऊन कॅन रिकामा करायचा नाही. गुळगुळीत सालीचं झाड तासा-दोन तासांत थांबतं, शेवाळाचं झाड त्यानंतरही टपकत राहतं. खोडावरचा ओघळ थांबेपर्यंत थांबा आणि दोन सरी वेगळ्या मानायला मध्ये किती कोरडे तास हवेत ते ठरवून टाका, सहा ते आठ तास हा बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा नियम आहे, जाड सालीला जास्त लागतात. एकदा ठरलं की मध्येच बदलू नका.

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, लिटर, पाऊस, वारा होता का, कॅन भरून वाहिला का, जाळीत पानं अडकली होती का, एवढं हवंच. भरून वाहिलेल्या कॅनची नोंद 'किमान इतके' अशी करा. टिपिंग बकेट (भरलं की कलंडून आपोआप मोजणारं छोटं पात्र) लावलं असेल तर जोरदार प्रवाहात ते कमी मोजतं, म्हणून ठरावीक वेगाने पाणी ओतून आधी पडताळून घ्या. मोजून झालं की कॅन पूर्ण कोरडा करा, आतल्या उरलेल्या पाण्यात डास होतात आणि पुढची नोंदही फुगते.

> सावध राहा: विजा चमकत असताना किंवा जोराचा वारा असताना झाडाखाली जायचं नाही. वाळलेल्या फांद्या पावसानंतरही पडतात. एक नोंद गेली तर गेली.

९. हिशोब

समजा ४० मिलिमीटरची सर झाली आणि ४०० चौरस मीटरच्या प्लॉटमध्ये ६४ झाडं आहेत. बारीक ४० झाडं, सरासरी ४ लिटर, म्हणजे १६०. मध्यम १८, सरासरी १२ लिटर, म्हणजे २१६. जाड ६, सरासरी ३० लिटर, म्हणजे १८०. एकूण ५५६ लिटर. चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर, म्हणून ५५६ ÷ ४०० = १.३९ मिलिमीटर, पावसाच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास.

आता चुकीची पद्धत बघा. फक्त जाड झाडांना कॉलर लावल्या आणि त्यांची सरासरी सगळ्यांना लावली तर ३० × ६४ = १९२० लिटर, म्हणजे ४.८ मिलिमीटर, थेट १२ टक्के. कॉलर उत्तम, परीक्षा उत्तीर्ण, नोंदी चोख, आणि तरी आकडा साडेतीन पट चुकला, फक्त झाडांच्या निवडीमुळे.

फनेलिंग रेशोसाठी घेरावरून छेदक्षेत्र काढा: घेराचा वर्ग भागिले १२.५७. घेर ०.९४ मीटर असेल तर छेदक्षेत्र ०.०७०३ चौरस मीटर. या झाडाने ३० लिटर दिले तर ३० ÷ (०.०७०३ × ४०) = १०.७. म्हणजे तेवढ्याच तोंडाचा रेनगेज मोकळ्यात ठेवला असता तर त्यात जेवढं पाणी जमलं असतं त्याच्या पावणेअकरा पट पाणी या बुंध्याशी उतरलं. आणि ०.३१४ मीटर घेराच्या, ४ लिटर देणाऱ्या बारक्या झाडाचा रेशो निघतो १२.७. लिटर कमी असूनही गोळा करण्यात ते बारकं झाड पुढे आहे.

पाणी किती पावसानंतर सुरू होतं हे हवं असेल तर एका अक्षावर पाऊस, दुसऱ्यावर लिटर असा आलेख काढा आणि सरळ रेषा बसवा. रेषा 'लिटर = ०.९ × पाऊस − ४.५' अशी आली तर ४.५ ÷ ०.९, म्हणजे ५ मिलिमीटरला खोड वाहू लागतं. ही रेषा काढताना शून्याच्या नोंदी आणि भरून वाहिलेल्या कॅनच्या नोंदी बाजूला ठेवा, टक्केवारीत मात्र शून्याच्या नोंदी घ्यायच्याच.

१०. दोन जंगलांची तुलना करताना

एका जंगलात ३ टक्के, दुसऱ्यात ८ टक्के, म्हणून दुसरं जंगल जास्त पाणी खोडावरून आणतं असं लगेच म्हणू नका. एकीकडे बारीक बारीक सरी आणि दुसरीकडे मोठे पाऊस असतील तर तो फरक पावसाचा आहे, झाडांचा नाही. सारख्या आकाराच्या सरी निवडून त्याच एकमेकांशी ताडा. मग हेक्टरी खोडं किती आणि एकूण बेसल एरिया (सगळ्या खोडांच्या छेदक्षेत्रांची बेरीज) किती हे बघा, दाट बारीक झाडांचं जंगल आणि विरळ जाड झाडांचं जंगल यांची टक्केवारी सारखी आली तरी बुंध्याशी पोचणारं पाणी अगदी वेगळ्या पद्धतीने वाटलेलं असतं. म्हणून मिलिमीटर आणि फनेलिंग रेशो दोन्ही शेजारी-शेजारी लिहा, आणि पानं होती की नव्हती हेही.

११. सीझन संपल्यावर

कॉलर तशीच सोडून येऊ नका. झाड जाड होतं, पट्टी सालीत रुतते आणि पुढच्या वर्षी सिलिकॉनला बारीक चिरा पडलेल्या असतात. पुढेही मोजायचं असेल तर पट्ट्या सैल करा आणि पुन्हा सुरू करताना घेर नव्याने मोजा. मोजायचं नसेल तर पाइप, सिलिकॉनचे तुकडे, जाळी, सगळं गोळा करून सोबत घेऊन या, आणि साल कुठे खरवडली गेलीय का तेवढं प्रत्येक झाडाभोवती फिरून बघा.